मदत हवी आहे: विद्यापीठाशी करार करताना काय मागावं?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घाटाकडं आमचा बायकांचा बचत गट आहे. शिकेकाई, हिरडा, आमसूल गोळा करून विकतो. हिशेब मी लिहिते. एका विद्यापीठाच्या मॅडमना रानातल्या औषधी झाडांवर दोन वर्षं काम करायचंय, गटानं 'भागीदार' व्हावं म्हणतात.

मन धजत नाही. मागं असेच दोघे येऊन चार दिवस राहिले. म्हाताऱ्या बायकांना रानभर फिरवलं, पाल्याचे फोटो काढले, सह्या घेतल्या. पुढं काही कळलं नाही. सासूबाई अजून विचारतात, "ती पोरं पास झाली का गं?"

पैशाचं फार नाही, बुडालेली मजुरी मिळाली तरी पुरे. आम्हाला हवेत कागद. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा घालायचाय. आम्ही अनुसूचित जमातीत नाही, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, ७५ वर्षं, रानावर जगतोय हे दाखवावं लागणार. जाणत्यांचे जबाब, कुठून काय आणतो त्याचा नकाशा, हे त्यांच्या अभ्यासात होणारच ना? मग आम्हालाही द्या. नेटवर मराठीत सापडतं ते गडचिरोलीचं, असा दावा मिळवलेल्या मेंढा-लेखा गावाचं. इथं कचेरीचं काम कन्नडात, त्यांचा अहवाल इंग्रजीत, आणि आमच्या बायका वाचणार मराठी. हे सगळं करारात कसं घालायचं?

प्रतिसाद: ताई, आधी संमतिपत्र बघा, मराठीत मागा. अभ्यासात बहुतेक वेळा माहिती देणाऱ्याचं नाव लपवतात. तुमच्या दाव्याला बिननावाचा जबाब काय कामाचा? नुसतं रेकॉर्डिंगही नको, लेखी हवं, आणि दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्यांचं. त्यासाठी वेगळा कागद करा. कुठलं मूळ कुठल्या दुखण्यावर देतात ते मात्र त्यात घालू नका. ते पंचायतीच्या जैवविविधता समितीला विचारूनच, २००२ चा कायदा आहे त्यासाठी. प्रती दर तीन महिन्यांनी घ्या. प्रकल्प संपला की पोरं नोकरीला लागतात, मग फोन उचलत नाहीत.

धागाकर्ती: नावाचं डोक्यातच आलं नव्हतं! मागच्या वेळी कशावर सह्या केल्या देव जाणे. सोमवारी मॅडम येणार आहेत. दोन कागद म्हटल्यावर काय म्हणतात ते इथंच लिहिते.