मधुमेह आणि किडनीचं इन्फेक्शन: रविवारी संध्याकाळी काउंटरवर काय सांगायचं?

मेडिकल_तालुका यांचा प्रश्न

मेडिकल तालुक्याच्या बाजारपेठेत आहे. ग्रामीण रुग्णालय दोन किलोमीटरवर, जिल्ह्याचं ठिकाण बासष्ट. रविवारी संध्याकाळी बहुतेक दवाखाने बंद असतात, आणि नेमकं तेव्हाच खालच्यासारखं पेशंट येतं.

बाई, वय ५८, मधुमेह १४ वर्षं. चालू औषधं मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. चार दिवस लघवीला जळजळ, काल रात्रीपासून हुडहुडी भरून १०२ ताप, दुपारी एक उलटी. पाठीत थोडं भरल्यासारखं वाटतं म्हणतात, पण कळ नाही. ग्लुकोमीटरवर २८६. घरच्यांचा आग्रह एवढाच की "मागच्या वेळचीच गोळी द्या", आणि मागची चिठ्ठी नायट्रोफ्युरान्टॉइनची. सोबत लघवीचं सिरप आणि पाठीसाठी डायक्लोफेनॅक.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही, तो प्रश्नच नाही. पण नुसतं "डॉक्टरकडे जा" म्हटलं की माणसं सोमवारच्या ओपीडीची वाट बघतात. आज रात्रीच जायला हवं हे कशावरून ठरवायचं, चालू गोळ्यांपैकी कुठल्या थांबवायच्या, लघवीचा नमुना कधी द्यायचा, हे नेमकं सांगता यावं म्हणून विचारतो आहे.

---

फिजिशियन_मराठवाडा

आज रात्रीच. या पेशंटच्या बाबतीत त्यात दुमत असू नये.

जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणं एवढंच असेल तर इन्फेक्शन मूत्राशयात आहे असं समजता येतं. थंडी वाजून ताप, उलटी किंवा कुशीत दुखणं, यातलं काहीही जोडीला आलं की ते किडनीपर्यंत पोचलंय असं धरूनच चालायचं. "कळ नाही" यावर विसंबू नका. बरीच वर्षं मधुमेह असला की आतल्या अवयवांच्या नसा बधिर होतात, त्यामुळे किडनी सुजलेली असतानाही पाठ फक्त "भरल्यासारखी" वाटते. वयस्कर माणसांत कधी तापही नसतो. फक्त जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, माणूस अंथरुणातच लघवी करतो. घरचे ते वयावर ढकलतात.

काउंटरवर दोन मिनिटांत तीन गोष्टी बघता येतात. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा: २२ किंवा जास्त. बीपी घ्या: वरचा आकडा १०० किंवा कमी. नाव, वार, गाव विचारा: उत्तर गोंधळलेलं. यातलं एक जरी असलं तर दुचाकीवर बसवून पाठवू नका, १०८ला फोन करा. दोन असली तर इन्फेक्शन रक्तात उतरल्याची दाट शंका घ्यायची. तिन्ही ठीक असली तरी मधुमेह, ताप आणि उलटी एकत्र असताना सोमवारपर्यंत थांबायचं नाही, आणि "आकडे चांगले आहेत" असं सांगून धीरही द्यायचा नाही.

नायट्रोफ्युरान्टॉइनबद्दल घरच्यांना एवढं सांगा: ही गोळी लघवीत उतरते, किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाही. फॉस्फोमायसिनच्या तीन ग्रॅमच्या पुडीचंही तेच. मूत्राशयासाठी दोन्ही उत्तम, किडनीसाठी नाहीत. घोटाळा असा होतो की दोन दिवस जळजळ कमी वाटते, माणूस बरा झाला असं समजतो आणि वर किडनीत पू धरत जातो. सिरपने लघवी अल्कलाइन होऊन आग शमते, जंतू तिथेच राहतात. शिवाय नायट्रोफ्युरान्टॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, म्हणजे ही दोन्ही एका चिठ्ठीवर असणं मुळातच उलटं.

डायक्लोफेनॅक अजिबात नको, गोळी नको आणि इंजेक्शनही नको. टेल्मिसार्टन चालू, उलटीने पाणी कमी झालेलं, त्यात हे वेदनाशामक दिलं की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड सगळी त्याच माळेतली. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. लिव्हरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ताप उतरला म्हणून जाणं रद्द करू देऊ नका.

ग्रामीण रुग्णालयात करायचं काम थोडं आहे पण क्रमाने हवं: लघवीचा कल्चरचा (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) नमुना, जमल्यास दोन्ही हातांतून रक्ताचं कल्चर, लगेच शिरेतून पहिला डोस, सलाइन, आणि मग गरज असेल तर पुढे. शॉकसारखं दिसत असेल तर पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे, तिथे नमुन्यासाठी अडून बसायचं नाही. बासष्ट किलोमीटर जाऊन, केसपेपर काढून मग पहिला डोस, यात रात्र जाते.

---

कल्चर_टेबल

लॅबकडून थोडं, कारण नमुन्यात चूक झाली की पुढचे दहा दिवस अंधारात जातात.

अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधीचा नमुना हवा. एक गोळी पोटात गेली तरी "नो ग्रोथ" येऊ शकतो, आणि मग ताप चालू आणि रिपोर्ट स्वच्छ असा पेच पडतो. तुमच्या दुकानात निर्जंतुक डबी सीलबंद असते, ती विकताना पद्धतही सांगा. साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, डेटॉल किंवा साबण नको. लघवीची पहिली धार सोडून द्यायची, मधली २० मिली डबीत, शेवटचीही सोडायची. झाकण पालथं ठेवायचं नाही, आत बोट लावायचं नाही. घरच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही परत करतो, त्याचा राग मानू नये.

दोन तासांत लॅबमध्ये पोचणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे. तिथे २४ तास टिकते. दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेल्या लघवीत जंतू वाढतच राहतात, आणि मग जंतूंचा लाखावरचा आकडा पेशंटच्या किडनीचा की डिकीतल्या उन्हाचा हे कुणालाच सांगता येत नाही. "मिक्स्ड ग्रोथ" लिहून आलं तर नमुना बाहेरून दूषित झाला असं समजा आणि पुन्हा घ्या.

रिपोर्ट वाचताना दोन चुका फार होतात. नायट्रोफ्युरान्टॉइनसमोर "एस" (म्हणजे औषध लागू पडतं) दिसला की तीच गोळी सुरू होते. तो "एस" मूत्राशयापुरता असतो, वर डॉक्टरांनी लिहिलंच आहे. दुसरी म्हणजे एमआयसीचा (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या कमीत कमी औषधाचा) सर्वांत छोटा आकडा ज्या औषधासमोर असेल ते सर्वांत जोरदार असं समजणं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते, हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात.

ईएसबीएल (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारा जंतू) लिहिलेला जुना रिपोर्ट घरात असेल तर तो पेशंटच्या खिशात घालून पाठवा. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालं असेल, अॅडमिट झाले असतील किंवा कॅथेटर होता, तर तेही सांगायला सांगा. अशा पेशंटला सेफ्ट्रायॅक्सोन (नेहमी शिरेतून देतात ते अँटिबायोटिक) लागू न पडण्याची शक्यता मोठी असते, आणि कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला साधारण ४८ तास लागतात. तोवरचा डोस डॉक्टर याच माहितीवर निवडतात.

---

मेडिकल_तालुका

आभार दोघांचे. मधुमेहाच्या गोळ्यांचं राहिलं. साखर २८६ असताना गोळ्या थांबवा म्हटलं तर घरचे ऐकत नाहीत. आणि समजा साखर १६० असती, तर काळजी कमी का?

---

डायबेटिस_सिस्टर

दादा, १६० असती तर मी डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या पेशंटची काळजी उलट जास्त केली असती.

नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. माणूस जेवत नाही, उलट्या होतायत, इन्फेक्शन आहे, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साठतात. एरवी असे कीटोन धोक्याइतके साठतात तेव्हा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसमध्ये, साखर चारशे-पाचशे दिसते. या गोळ्यांवर ती दोनशेच्या आतही राहते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मळमळ, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास ही त्याची खूण, आणि ती किडनीच्या इन्फेक्शनसारखीच वाटते. त्यामुळे ही गोळी त्याच दिवशी बंद, आणि दवाखान्यात गेल्यावर "कीटोन बघा" हे शब्द घरच्यांनी स्वतः उच्चारायचे. लघवीच्या रिपोर्टवर "शुगर ४ प्लस" आलं तर त्यावरून घाबरू नये. या गोळीवर ते नेहमीच तसं येतं, गोळी बंद केल्यावरही काही दिवस.

पट्टी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. आता एकाच गोळीत डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन अशी तिन्ही मिळतात. पेशंट म्हणतो "ती गोळी मी घेतच नाही", आणि ती दुसऱ्या नावाने पोटात जात असते. हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकत नाही.

मेटफॉर्मिन उलट्या आणि ताप असेपर्यंत थांबवायचं. किडनीचं काम मंदावलं की ते साचतं आणि रक्तात लॅक्टिक अॅसिड वाढण्याचा धोका असतो. ग्लिमेपिराइड तर जेवण नसताना द्यायचंच नाही. किडनी बिघडलेली असताना त्याचा असर लांबतो, एकदा चमचाभर साखर देऊन उठवलेला पेशंट पहाटे पुन्हा गळून पडू शकतो. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती, यांचं डॉक्टर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) बघून ठरवतील. उलट्या होत असताना पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट मात्र थांबवायची नाही: इन्शुलिन. "जेवली नाही म्हणून इन्शुलिन दिलं नाही" हे वाक्य वॉर्डात ऐकलं की पोटात गोळा येतो. दिवसातून एकदा घ्यायचं लांब असराचं इन्शुलिन चालूच राहतं, कमी-जास्त डॉक्टर सांगतील. जेवणाआधीचं मात्र जेवणावर अवलंबून. साखर दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, आणि आकडा वेळेसकट कागदावर.

गोळ्या बंद असताना साखर वाढेल ही भीती खरी आहे, पण दवाखान्यात ती इन्शुलिनने १४० ते १८०च्या दरम्यान ठेवतात. घरच्यांना सांगताना "गोळ्या बंद" म्हणू नका, "दोन-चार दिवस गोळ्यांचं काम इन्शुलिन करेल" असं म्हणा. लोक ऐकतात.

आणि ओआरएस. "मधुमेह आहे, गोड नको" म्हणून नाकारतात. एक लिटरच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, घोट घोट करून दिवसभरात गेलं तर काही बिघडत नाही. हृदयाचा किंवा जुना किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच.

---

फिजिशियन_मराठवाडा

सिस्टरांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात एकच जोड: सिप्रो, लिव्हो या गटाची औषधं आणि कोट्रायमॉक्साझोल ग्लिमेपिराइडसोबत साखर अचानक पाडतात. कोट्रायमॉक्साझोल आणि टेल्मिसार्टन एकत्र आले की पोटॅशियम वाढतं. चिठ्ठी तुमच्याकडे आली की हे बघा आणि लिहिणाऱ्याला फोन करा, कुणी रागावणार नाही.

अॅडमिट झाल्यावर पहिल्या दिवशीच सोनोग्राफी मागा. किडनी फुगलेली, वाटेत खडा आणि वर इन्फेक्शन असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, त्याच दिवशी स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून बसवायची नळी) किंवा पाठीतून नळी टाकून वाट मोकळी करावी लागते. योग्य औषध चालू असून ४८ ते ७२ तासांत ताप उतरत नसेल तर सीटी. मधुमेहात जंतू किडनीत गॅस तयार करतात असा एक प्रकार आहे, त्याचे बहुतेक पेशंट मधुमेहाचेच असतात. सोनोग्राफीत तो आतड्यातल्या हवेसारखा वाटून निसटू शकतो, सीटीत स्पष्ट दिसतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डाय न देताही ही सीटी होते, म्हणून "किडनी खराब आहे, सीटी नको" हे कारण चालत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबतच पाठवा, आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी. रात्री दोनला कुणी गावी परत जात नाही.

आणि स्टेंट पडला तर काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि तो पुढच्या इन्फेक्शनचं घर होतो.

---

मेडिकल_तालुका

शेवटचं. काही त्रास नाही, पण रुटीन लघवीत पस सेल्स (पूच्या पेशी) १५-२० आले म्हणून कोर्स मागायला येणारे मधुमेही?

---

कल्चर_टेबल

त्रास नसेल तर कोर्स नाही. कल्चरमध्ये जंतू आले तरी नाही. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाच्या ऑपरेशनच्या आधीचा पेशंट हे अपवाद, त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. बाकीच्यांना दिलेल्या प्रत्येक कोर्सने तोच जंतू पुढच्या वेळी औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो, आणि त्या वेळी खरोखर हुडहुडी भरलेली असते.