प्रतिसाद: बाया कर्व्यांचा राग

घरच्या कर्त्या बाईचा त्याग सगळे गातात, तिचा राग मात्र कुणी सांगत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. मला लगेच बाया कर्वे आठवल्या. देवरुखच्या गोदूबाई, बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. लग्नानंतर कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला, तो वेगळाच.

पुढे अण्णांनी (म्हणजे कर्व्यांनी) 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही त्याच्या नावे करून टाकली. घरात मुलं लहान! बाया चिडल्या, आणि चिडणारच की. (आपल्यापैकी कोण गप्प बसलं असतं?) पण नुसत्या चिडून बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली.

अण्णांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. बाया तोवर नव्हत्या, 1950 मध्येच गेल्या. पण त्यांनी आपलं आत्मकथन मागे ठेवलंय, 'माझे पुराण' नावाचं. नावातच खट्याळपणा आहे बघा. मिळालं तर जरूर वाचा.