लीन उत्पादनपद्धतीमुळे कामगारांवरचा ताण वाढतो का?

प्रश्न : आमच्या विभागात लीन पद्धत (अपव्यय काढून कमीत कमी साठ्यावर उत्पादन चालवणे) लागू झाल्यापासून साठा आणि वाया जाणारा वेळ घटला, परंतु दोन कामांमधली उसंतही गेली. हा ताण पद्धतीतच अंगभूत आहे की अंमलबजावणीतला दोष आहे?

उत्तर १ : लीनचा उगम असलेल्या टोयोटाच्या मूळ मांडणीत अपव्यय, असमतोल आणि अतिभार या तिन्हींवर बोट ठेवले आहे; प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कात्री पहिल्यावरच चालते.

उत्तर २ : अंशतः सहमत. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असेल, तेव्हा ताण सर्वाधिक असतो. अँडनची (अडचण आल्यावर इशारा देणाऱ्या यंत्रणेची) दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार कागदावर असतोच, पण ती ओढल्यावर पर्यवेक्षक मदतीला येतो की जाब विचारायला, यावर बरेच अवलंबून असते. साठा कमी असल्याने एका टप्प्यावरचा खोळंबा लगेच पुढच्या माणसाच्या गळ्याशी येतो. हा भाग मात्र पद्धतीतलाच आहे.

प्रश्नकर्ता : दोरी आहे, परंतु ती कोणी ओढत नाही.

उत्तर ३ : मग टॅक्ट टाइम (मागणीनुसार एका नगासाठी मिळणारा वेळ) ठरवताना खांद्या-मनगटाच्या हालचाली कोणी पाहिल्या का आणि सुधारणेतून वाचलेल्या वेळाच्या जोरावर माणसे कमी केली का, हे व्यवस्थापनाला लेखी विचारावे.