मदत हवी आहे: अडुळशाच्या पाल्यात केळी आतून मऊ, वरून हिरवीच

केळी ग्रँड नैन जातीची, घरच्या वापरापुरती पिकवायची. पत्र्याच्या पिंपात तळाला अडुळशाचा ताजा पाला, मग फण्या, मध्ये पुन्हा पाला, तोंडावर गोणपाट आणि घट्ट झाकण. पिंप पत्र्याच्या शेडमध्ये, तीन दिवस बंद. उघडल्यावर साल हिरवीच, गर मात्र लिबलिबीत आणि आंबूस. काही फण्यांच्या बुडख्याला पांढरी बुरशी. पाला कमी पडतोय का?

प्रतिसाद १
पाला कमी नाही, उलट जास्त झालाय. तोडलेला हिरवा पाला श्वसन करत राहतो, दाबून भरला की तापतो. त्यात पत्र्याचं पिंप, तेही शेडखाली. या जातीत तापमान २४ अंशांच्या वर गेलं की सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही, पण गर पिकत राहतो. म्हणून वरून कच्ची, आतून उकडल्यासारखी.

पाला सकाळी तोडून सावलीत चार-पाच तास पसरा. मलूल झाला पाहिजे, पण वाळता कामा नये. तळाला आणि वर चार बोटं थर, फण्यांच्या मध्ये नुसता हात फिरवल्याएवढा. पिंपाऐवजी लाकडी खोका किंवा बांबूची पाटी घ्या, वरून गोणपाट, आणि घरातली सर्वांत थंड खोली. दोन फण्यांच्या मध्ये साधा थर्मामीटर खोचून ठेवा. १८ ते २० अंश उत्तम. १३ च्या खाली गेलं तर साल काळवंडते, म्हणून फ्रिज नको.

तीन दिवस बंद ठेवणं ही दुसरी चूक. पिकताना फळ कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो साठला की इथिलीनचा (फळ पिकवणाऱ्या वायूचा) परिणाम मंदावतो, आणि प्राणवायू संपला की आंबूस वास येतो. २४ तासांनी उघडा, अर्धा तास वारा लागू द्या, गरज वाटली तरच पुन्हा एक दिवस झाका. हिरवा रंग फिकट झाला की फळ स्वतःच पुरेसं इथिलीन तयार करतं. मग पाला काढून फण्या एकेरी पसरा.

प्रतिसाद २
बुरशीचं कारण चीक आणि ओल. फणी धारदार, स्वच्छ कोयत्याने कापा आणि बुडख्याचा थोडा भाग राखा. काप खाली करून चीक गळू द्या, मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात धुवा. पुसून नव्हे, वाऱ्यावर पूर्ण सुकवून मगच पाल्यात. दवाचा पाला तर अजिबात नको.

घडातल्या वरच्या फण्या आधी जून होतात, खालच्या मागे असतात. एकत्र भरल्या तर निम्म्या काळ्या पडेपर्यंत निम्म्या हिरव्या राहतात. वेगवेगळ्या भरा. शिरा टोकदार असलेलं केळं कोवळं समजा, ते पाल्यात पिकत नाही, नुसतं आकसतं.

धागाकर्ता
धन्यवाद. पाला मिळाला नाही तर? आणि पेरू-डाळिंबालाही हेच चालेल?

प्रतिसाद १
पाल्याऐवजी दोन पिकलेली केळी ठेवा, इथिलीन तीच देतात. खरं सांगायचं तर निम्मं काम बंदिस्त जागेचंच असतं. पाल्याचा वाटा किती, हे बघायचं असेल तर एक खोका पाल्याविना भरून शेजारी ठेवा. पेरूला चालेल, पण तो लवकर नासतो, रोज बघावं लागतं. डाळिंब, द्राक्षं, संत्री झाडावरून उतरल्यावर पिकत नाहीत, त्यांना पाला लावून उपयोग नाही. आणि कार्बाईडची पुडी चुकूनही नको, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते.