मदत हवी आहे: दाव्यांवरून कॅन्सरचा कल कसा काढायचा?

राम राम मंडळी. मी जळगावचा, एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे. प्रोजेक्टला जीवनदायी योजनेतले धुळे जिल्ह्याचे कॅन्सरचे दावे (म्हणजे उपचारांच्या खर्चासाठी दवाखान्यांनी योजनेकडे केलेली मागणी) मिळालेत, पेशंटची नावं काढून. धुळ्यात योजना २०१२ लाच आली, म्हटलं लांबचा कल दिसेल. पण केमोच्या दर खेपेचा दावा वेगळा! एका पेशंटचा पहिलाच दावा धरला, तर २०१२ मधले जुने पेशंटही नवे ठरतात. सुरुवातीची किती वर्षं सोडू? त्यात कुणी सुरतेला जाऊन पदरचे पैसे भरले, की नोंदच नाही. वयानुसार दर काढायचा, तर जनगणना २०११ ची; छेदात कुठली लोकसंख्या घालू? (गाइड म्हणतात, "तूच बघ भो.") बार्शीला १९८७ पासून कॅन्सर नोंदणी (भागातल्या प्रत्येक नव्या पेशंटची नोंद) आहे, तसं इकडे असतं तर! असं काम कुणी केलंय का?