मदत हवी आहे: वीरगळ, गढी आणि मोडी कागद – गावाच्या इतिहासाची नोंद कुठून सुरू करावी?

पूसकाठ
नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावाचा इतिहास ग्रामपंचायतीच्या मदतीने नोंदवायचा आहे.

मारुतीच्या पाराशी तीन दगड आहेत. दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड) आणि एक सतीचा, कोपरात वाकलेला हात आणि बांगड्या स्पष्ट दिसतात. एका वीरगळाच्या पट्टीवर अक्षरं आहेत, पण निम्म्यावर शेंदराचा जाड थर. गावाबाहेर गढी आहे, तिची पांढरी माती अजून ट्रॉलीने शेतात जाते. जुन्या पाटलांच्या वाड्यात मोडी कागदांचं गाठोडं आहे, एका कडेला वाळवी लागली आहे. शिवेला लागून एक रीठ (ओस पडलेलं जुनं गाव), आणि हद्दीत बंजारा समाजाचे दोन तांडे.

शेंदूर काढावा का? कागद आधी की दगड? यवतमाळला १९०५ च्या आधीचं महसुली दफ्तर सापडत नाही, ते कुठे असेल? पावसाळ्यानंतर पाराजवळून रस्ता रुंद होणार, म्हणून काही जण दगड पंचायतीत आणून ठेवायचं म्हणतात. ते बरोबर आहे का?

शिळावाचक
भाऊ, शेंदूर खरवडू नका. छिन्नी, तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, रॉकेल, काहीच नाही. तेल-शेंदराचा थर अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेला असतो, तो ओढून काढताना अक्षराची कड सोबत निघते. शिवाय तो गावाचा देव आहे, पूजा करणाऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गावाची संमती मिळाली तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला फोटोसह पत्र द्या आणि काम जाणकारांकडूनच करून घ्या.

तोवर उघडा भाग वाचून घ्या. धूळ आणि शेवाळ मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढा, दगड पूर्ण वाळू द्या. फोटो दुपारी काढाल तर अक्षरं सपाट दिसतात. अंधार पडल्यावर मोबाईल स्टँडवर दगडाच्या अगदी समोर ठेवा, एक्स्पोजर लॉक करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून, १० ते १५ अंशांत धरा. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. आडव्या रेघा वरच्या प्रकाशात उठतात, उभ्या बाजूच्या प्रकाशात. फ्रेममध्ये मोजपट्टी हवीच. अक्षरांत खडू, पीठ किंवा रांगोळी भरू नका. एकदा भरलं की पुढचा माणूस दगड वाचत नाही, भरणाऱ्याचा अंदाज वाचतो.

'शके' सापडलं तर इसवी सनासाठी आकड्यात ७८ मिळवा आणि शेजारचं संवत्सराचं नाव पंचांगातल्या साठ संवत्सरांशी ताडून पाहा. जुळलं नाही तर बहुतेक वेळा आकडाच चुकीचा वाचलेला असतो.

आता हलवण्याबद्दल. वीरगळ वेशीपाशी आहे की पाणवठ्यापाशी, यावरून जुनं गाव कुठवर होतं ते कळतं. ती जागा गेली की निम्मी माहिती गेली. आधी बांधकाम विभागाला ग्रामसभेचा ठराव, फोटो आणि जीपीएस आकडे द्या आणि रेषा थोडी वळवायला सांगा. अगदीच इलाज नसेल तर चारही बाजूंचे फोटो, दिशा, जमिनीवरची उंची लिहून मग हलवा. लक्षात ठेवा, वीरगळाचा सगळ्यात खालचा टप्पा, म्हणजे लढाई किंवा गाई सोडवण्याचा प्रसंग, बऱ्याचदा मातीत गाडलेला असतो. जेसीबीने झटका दिला की दगड जमिनीच्या रेषेवरच मोडतो. हाताने चारी बाजूंनी खणा, साखळीऐवजी नायलॉनचे रुंद पट्टे वापरा.

रुमाल_मोडी
आधी कागद. दगड रस्त्याच्या कामापर्यंत टिकेल, वाळवी थांबणार नाही. गाठोडं आजच भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर, लाकडी नव्हे तर लोखंडी रॅकवर ठेवा. वाळवीचा भाग वेगळा करा. ओल असेल तर सावलीत, पंख्याच्या हळू वाऱ्यात वाळवा. ऊन नको, इस्त्री नको. मोडी कागद बहुधा काजळाच्या शाईचे असतात, ती पाण्याने सुटते, म्हणून ओलं फडकंसुद्धा फिरवू नये. चिकटलेली पानं चाकूने सोडवू नका, तशीच बांधून ठेवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप हे दोन कागदाचे मोठे शत्रू. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं सोबत घेऊन सुटतो.

क्रम मोडू नका. गाठोड्यात जे ज्याच्याखाली आहे तसंच नंबर द्या, मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. मग दोन्ही बाजूंचे फोटो: खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, मोबाईल कागदाला समांतर. कोऱ्या पाठीवरही कधी शेरा असतो. शेवटी खळ धुऊन काढलेल्या सुती कापडात रुमाल (कागदांचा गठ्ठा) बांधा. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या, प्रती पंचायतीत ठेवा. कागद काढून नेणार नाही असं लेखी दिलं की दुसरी घरंही गाठोडी बाहेर काढतात.

सगळं लिप्यंतर लगेच नको. तारीख, कुणी कुणाला, विषय, एवढीच यादी आधी करा. फसली (जुनं महसुली) साल असेल तर इसवी सनासाठी जून ते डिसेंबर ५९० आणि त्यानंतर ५९१ मिळवा.

धानपट्टा
जुन्या हक्कांसाठी वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) आणि निस्तार पत्रक (सामाईक वापराच्या हक्कांची यादी) काढा, त्यात तलाव, चराई, सरपण सगळं असतं.

दफ्तरी
धानपट्टा भाऊ, ते तुमच्या भंडारा-चंद्रपूरकडे. तिथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा. पुसद वऱ्हाडात, तिथे रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. त्या मागे लागून पूसकाठ यांचे हेलपाटे होतील.

यवतमाळला न मिळण्याचं कारण सरळ आहे. १९०५ पर्यंत पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. त्या साली वाशीम जिल्हा मोडला, पुसद यवतमाळला जोडला आणि वाशीम तालुका अकोल्याला गेला. तेव्हाचा यवतमाळ जिल्हा आधी 'वूण', म्हणजे वणीच्या नावाने होता. म्हणून शोध वाशीम आणि अकोल्याच्या अभिलेख कक्षांतही घ्या, आणि नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात 'बासिम' (वाशीमचं तेव्हाचं इंग्रजी नाव) नावाखाली. १८५३ च्या आधी वऱ्हाड निजामाकडे होतं, त्यामुळे मोडीबरोबर फारसी कागद निघाले तर बाजूला टाकू नका.

पुसदला भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची नक्कल मागा. रिठीचं नाव, जुन्या पांदणी, गावठाणाची जुनी हद्द त्यात दिसते. कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद) आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर लोक फक्त जातीच्या दाखल्यासाठी काढतात. खरं तर साथीच्या सालांत घरटी किती मरण पावले हे कोतवाल बुकातूनच कळतं. १९१८ चं पान जरूर पाहा.

पांढरी_काळी
गढीची माती थांबवणं तातडीचं आहे. पांढरीत राख, शेण, हाडं, खापरं मुरलेली असतात, म्हणून ती खत म्हणून शेतात जाते, आणि तिच्याबरोबर थरच्या थर जातात. ग्रामसभेचा ठराव करून माती नेणं बंद करा आणि तहसीलदारांना प्रत द्या. उघड्या पडलेल्या कडेचा मोजपट्टीसह फोटो घ्या, पण स्वतः खणू नका. पुरलेली नाणी किंवा भांडी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पूसकाठ
मनापासून आभार. पाटलांच्या घरी आजच बोलतो, ठराव येत्या ग्रामसभेत घेतो. तांड्यांचं काय करावं? कागद जवळजवळ नाहीत.

दफ्तरी
तिथे कागदावर बसून काम होणार नाही. नाईकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) घरून सुरुवात करा, वंशावळ गाणारे ढाडी येत असतील तर त्यांची वेळ धरा, होळीच्या लेंगी (बंजारा गाणी) रेकॉर्ड करा. गोरमाटी या त्यांच्या बोलीतच बोलू द्या, मराठीत सांगायला लावलं की तपशील गळतो. मोबाईल फ्लाइट मोडवर, दुसऱ्या मोबाईलवर जोड रेकॉर्डिंग, एका बैठकीला पाऊण तास पुरे. 'कोणत्या साली' असं विचारू नका. ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, लग्न झालं होतं का, तांडा तेव्हा कोणत्या नाल्यावर होता, असं विचारा. सुरुवातीला नाव, ठिकाण, तारीख आणि परवानगी आवाजातच घ्या. फाईल त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा, त्यातली एक प्रत गावाबाहेर ठेवा, आणि एक तांड्यालाच परत द्या.