पैऱ्याची वही आणि उणे दहा
सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली. रविवार सकाळ.

ए-१०४ पाटील (सेक्रेटरी), ९.१२
सर्व सभासदांना नमस्कार. पैऱ्याच्या वहीत, म्हणजे सभासदांनी एकमेकांसाठी केलेल्या कामाचे तास लिहितो त्या वहीत, खालील ८ घरांची प्रत्येकी १० तासांची थकबाकी झालेली आहे : ए-२०३, ए-३०१, बी-१०२, बी-२०४, बी-३०३, सी-१०१, सी-२०२, सी-३०४. सदर सभासदांनी महिनाअखेरपर्यंत काम करून तास भरावेत. अन्यथा वही बंद करण्याचा विषय मासिक मीटिंगमध्ये घ्यावा लागेल. तसेच सोसायटीची ड्रिल मशीन बिट तुटलेल्या अवस्थेत वॉचमनच्या केबिनमध्ये आढळली. ज्यांनी नेली त्यांनी खुलासा करावा.

बी-२०४ शबानाभाभी, ९.१८
थकबाकी? पाटीलसाहेब, माझा मेंटेनन्स कधी एक दिवस उशिरा आलाय का? रविवारी सकाळी यादीत नाव. या ग्रुपवर माझे दीर पण आहेत.

सी-१०१ रोहित, ९.२१
ड्रिल मी नेली होती. पडद्याचा रॉड लावत होतो. बिट नवीन आणून देतो. सॉरी.

ए-३०२ आण्णा, ९.२३
कुटं मारत हुतास भोक?

सी-१०१ रोहित, ९.२३
खिडकीच्या वर.

ए-३०२ आण्णा, ९.२४
खिडकीच्या वर लिंटल असतंय बाबा. काँक्रीट. इटंत जातंय तसं जाईल व्हय त्यात.

बी-४०१ संदीप, ९.२५
हॅमर मोड लावला होता का?

सी-१०१ रोहित, ९.२५
तो कुठला?

बी-४०१ संदीप, ९.२७
झालं. मशीनवर हातोडीचं चित्र असलेलं बटण आहे बघ. ते न लावता काँक्रीटवर धरलं की बिट नुसता घासतो. टोक तापून निळं पडतं, आणि तू अजून जोर दिला असशील.

सी-१०१ रोहित, ९.२७
निळंच झालं होतं. मला वाटलं कलरच तसा आहे.

बी-३०१ अश्विनी, ९.४०
पाटीलकाका, आकडे तुम्ही वहीतूनच घेतलेत, ते बरोबर आहेत. शब्द चुकलाय. वही मी लिहिते म्हणून जरा लांब लिहिते, राग मानू नका.

मेंटेनन्सची थकबाकी म्हणजे सोसायटीचं येणं. इथं सोसायटीचं कुणाकडून काहीच येणं नाही. वहीतल्या प्रत्येक नोंदीला दोन घरं असतात. भाभींच्या सासूबाईंना मी मिरजेला दाखवायला नेलं, तीन तास लागले. माझ्या पानावर अधिक ३, त्यांच्या पानावर उणे ३. सगळ्यांची सुरुवात शून्यावरून. त्यामुळे ३१ घरांची बेरीज दर रविवारी शून्य यायलाच पाहिजे, नाही आली तर मी कुठंतरी माती खाल्लेली असते. आज सकाळी केलेली बेरीज अशी : १३ घरं उण्यात, मिळून उणे ९४. ९ घरं अधिकात, मिळून अधिक ९४. उरलेली ९ शून्यावर.

आता या आठ घरांनी तास ‘भरायचे’ कुठं? अधिकवाल्यांनी त्यांच्याकडून काम करून घेतलं तरच भरणार ना. ते घेत नाहीत. नुसत्या चार घरांकडे ७३ तास पडून आहेत. भाभींनी पिको-फॉलचं तीन वेळा ग्रुपवर टाकलं. कुणी एक तरी साडी दिली का? मी स्वतः दिली नाही, दुकानात टाकून आले, हे कबूल करते. गणपतीच्या महिन्यात वहीत ४१ नोंदी होत्या. मागच्या महिन्यात सहा. काम घेणाऱ्यांनी वही अडवलेली नाही, न घेणाऱ्यांनी अडवलीय.

ए-१०४ पाटील (सेक्रेटरी), ९.४६
म्हणजे कामं करणाऱ्यांचीच चूक म्हणा की.

बी-३०१ अश्विनी, ९.४७
चूक नाही ओ काका. पण उणे दहाच्या खाली जायचं नाही हा नियम आपणच केला. आठ घरं तिथं टेकली, त्यांना आता काही मागता येत नाही. आणि ज्यांना मागता येतं ते मागत नाहीत. मग हलणार कोण?

ए-३०२ आण्णा, ९.५५
अश्विनी बरोबर बोलतीया. नाव पैरा ठेवलंय, मग पैरा समजून घ्या की. आमच्या तासगावकडं आज आमच्या घरची दोन माणसं तुमच्या रानात भांगलायला, चार दिसानं तुमची दोन आमच्यात. ह्यो पैरा. इर्जिक येगळं. इर्जिकीला सगळा गाव बैलं घिऊन नांगरायला येतोय, तुम्ही जेवण घालायचं, कोन मोजत न्हाई. पैरा मोजून असतोय. पन तुम्ही आमाला बोलावलंच न्हाई तर आमचा पैरा फिटायचा कसा? माझा बाप दारात जाऊन इचारायचा, कधी येऊ म्हनून. आनी जो बोलवतच न्हाई त्येला गावात कोन मोठा म्हनत नव्हतं. आढ्यताखोर म्हनायचे.

बी-३०१ अश्विनी, ९.५७
आण्णा, वहीत तुमचे अधिक १९ आहेत. सात महिन्यांत तुम्ही एकदाही काही मागितलेलं नाही.

बी-४०१ संदीप, ९.५८
आण्णा ऑफलाइन गेले.

ए-२०१ देशमुख सर, १०.०५
फार छान चर्चा. खरं तर ही आपली जुनी बलुतेदारीच म्हणायची. पैशाविना चालणारी ग्रामव्यवस्था. आपण विसरलो, परदेशी लोक आता नव्याने शोधत आहेत.

सी-२०२ विशाल, १०.११
सर, तुमचा मान राखून बोलतो. माझ्या आजोबांना बलुतं होतं. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, सुपात किती पडणार ते देणारा ठरवणार. या वर्षी करत नाही असं म्हणायची सोय नव्हती, दुसरं काही करायचीही नव्हती. मी इथं चार पोरांची गणिताची शिकवणी घेतो ती माझ्या मर्जीनं. या दोन गोष्टी एका वाक्यात नकोत. आणि उणे दहाच्या यादीत मी पण आहे, कारण बाबांच्या ऑपरेशनला तुम्ही सगळे धावलात.

ए-२०१ देशमुख सर, १०.१४
बरोबर आहे तुझं. शब्द मागे घेतो.

बी-१०३ माधुरी, १०.१६
पण मुळात वही पाहिजेच कशाला? २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातली, खणभागातली माणसं आपल्याकडे राहायला होती. माझ्या हॉलमध्ये नऊ जण झोपत होते. कुणी तास लिहिले नाहीत. शेजारधर्म मोजायचा नसतो.

बी-३०१ अश्विनी, १०.२०
माधुरीताई, पुरात मागायला कुणाला लाज वाटत नाही. साध्या मंगळवारी वाटते. गॅसची टाकी बदलायला कुणाला बोलवू, बाळाला अर्धा तास कुणाकडे ठेवू, त्यांचं कितीदा घ्यायचं. वहीत आपलेच तास असले की तोंड उघडतं. निदान उघडायला पाहिजे होतं.

सी-२०३ मंदार (सीए), १०.३४
वाचतोय सकाळपासून. पडून असलेल्या चार घरांत मी आहे, अधिक १७. जुलैत सात घरांची रिटर्न भरली, प्रत्येकी दीड तास, तिथं साडेदहा झाले. कुणीतरी मला खासगीत विचारलं होतं की तुझा तास आणि शिडी धरणाऱ्याचा तास सारखा कसा. मलाही आधी ते खटकलं होतं, खोटं का बोला. अमेरिकेत एडगर कान म्हणून कायद्याचे प्राध्यापक होते, त्यांनी १९८० च्या दशकात टाइम डॉलर काढले, त्यात कुणाचाही तास तो तासच. कॅनडात १९८३ मध्ये मायकेल लिंटनने कोमॉक्स व्हॅलीत ‘लेट्स’ नावाची कामांची देवाणघेवाण सुरू केली, तिथं कामाचा भाव दोघांनी आपापसात ठरवायचा आणि ग्रीन डॉलरमध्ये लिहायचा, उण्यावर व्याज नाही. म्हणजे भाव लावायचा रस्ता आहे. पण इथं भाव लावायला बसलो तर माझं रिटर्न आणि काकूंचं पोरं सांभाळणं यात कोण पंच होणार? मी तरी नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल हिल भागात १९७० च्या दशकात दीडेकशे जोडप्यांचा एकमेकांची मुलं सांभाळायचा संघ होता. मुलं सांभाळली की कुपन मिळायचं, आपण बाहेर जाताना ते द्यायचं. झालं काय, तर अडीनडीला असू देत म्हणून जो तो कुपनं साठवायला लागला. कुणी बाहेर जाईना, म्हणून कुणाला सांभाळायला मुलं मिळेनात, म्हणून लोक आणखी जपून वागायला लागले. संघ ठप्प. एकानेही कुणाला फसवलेलं नव्हतं. त्यावर १९७७ मध्ये स्वीनी दांपत्याने अर्थशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला, आजही शिकवतात. आधी त्यांनी नियम केला की महिन्यातून दोनदा बाहेर गेलंच पाहिजे. नियमाने कोण फिरायला जातं? शेवटी कुपनं वाढवली तेव्हा गाडं हललं. पुढे ती जास्त झाली, तर उलटं, सगळेच बाहेर आणि सांभाळायला कुणी नाही.

ए-१०४ पाटील (सेक्रेटरी), १०.४०
आपल्याकडे कुपनं नाहीत.

सी-२०३ मंदार (सीए), १०.४१
उणे दहाची मर्यादा म्हणजेच आपली कुपनं, काका. ती उणे १५ करा. २० नको.

ए-१०४ पाटील (सेक्रेटरी), १०.४३
आणि ऑडिटरने विचारलं तर? सही माझी असते.

सी-२०३ मंदार (सीए), १०.४५
वहीत एक रुपया नाही, सोसायटीच्या हिशोबात ती येतच नाही. फक्त ड्रिल सोसायटीच्या पैशातून घेतलीय, ती डेडस्टॉक रजिस्टरला दाखवा. बिटासकट.

बी-१०३ माधुरी, १०.४८
वस्तूंना मात्र तास लावू नका हं. माझा कुरडयांचा सोऱ्या उन्हाळ्यात सहा घरं फिरून आला आणि प्रत्येक घरातून डब्यात काहीतरी आलं. त्याची नोंद अश्विनी कुठं करणार? शिडी, सोऱ्या, पुरणयंत्र, व्हीलचेअर, नुसतं कुणी नेलं आणि कधी आणलं एवढंच लिहावं. मोडलं तर नेणाऱ्याने भरून द्यावं.

सी-१०१ रोहित, १०.४९
देतोय ना. संध्याकाळी आणतो.

बी-४०२ कुलकर्णी काकू, ११.०२
मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. त्या चार घरांत सगळ्यात जास्त माझे असतील. २६ आहेत ना अश्विनी? संध्याकाळी तुमची मुलं माझ्याकडे असतात त्याचे. आढ्यतेमुळे मागितलं नाही असं नाही हो आण्णा. घरी कुणाला बोलवायचं म्हणजे आधी घर आवरावं लागतं. हॉलमध्येच यांचा पलंग आहे, दोरीवर कपडे वाळत असतात. मुलं काही बघत नाहीत, मोठी माणसं बघतात.

मंगळवारी चार ते सहा कुणी यांच्याजवळ बसेल का? गणपतीच्या देवळात जाऊन यायचंय. दोन वर्षं झाली.

बी-२०४ शबानाभाभी, ११.०३
मी येते. मशीन घेऊनच येते, दोन साड्यांचे फॉल तिथंच बसून होतील.

बी-४०२ कुलकर्णी काकू, ११.०६
ये गं. अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं पटकन कळत नाही. ‘प’ म्हणाले की पाणी नाही, पंखा. पाण्याला हाताने दाखवतात. साडेचारला उजव्या कुशीवर वळवायचं, उशी पाठीला लावायची. चहा मी करून थर्मासमध्ये ठेवते.

बी-३०१ अश्विनी, ११.०८
मंगळवारी नोंद करते. काकू अधिक २४, भाभी उणे ८. आणि भाभी, माझ्या तीन साड्या आहेत, त्या दुपारी आणून देऊ का?

बी-२०४ शबानाभाभी, ११.०९
दे. ब्लाउजपीस कापून दे, मागच्या वेळी तसाच जोडून दिला होतास.

ए-१०४ पाटील (सेक्रेटरी), ११.१५
यादीचा मेसेज डिलीट करतो. मर्यादेचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

बी-२०४ शबानाभाभी, ११.१६
आता करून काय उपयोग, दीरांनी वाचला. फोन पण येऊन गेला.

सी-१०१ रोहित, ११.३०
तो रॉड अजून खालीच आहे. बिट आणल्यावर कुणी लावून देईल का? पण मी उणे दहाला आहे, मीटिंग होईपर्यंत मला मागता येतं का?

ए-३०२ आण्णा, ११.३४
न्हाई येत. तू आदी माझं काम कर. सातबारा काडायचाय मोबाईलवर. पोरगं म्हनतंय करतो करतो, चार म्हैनं झालं.

सी-१०१ रोहित, ११.३५
आण्णा, गट नंबर सांगा, आत्ता काढतो. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला तास कशाला?

ए-३०२ आण्णा, ११.३६
भोक पन धा मिनटाचंच हाय. लिही अश्विनी.